उत्तमचा फोटो

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळच काढलेली नाही. बायको होती, तिच्याजवळ नाही. मुलाजवळ नाही. दुपारी दुकानात येऊन बसणाऱ्या मित्रांजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ का काढतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता वय ऐंशीकडं झुकलंय म्हणून — पण जाऊ द्या. कारणं सांगत बसलो की मी मूळ गोष्टीवर येणार नाही. मला माझी सवय माहीत आहे.

आधी गल्ली सांगतो. ती सांगायला सोपी आहे.

चौसाळ्याला मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की आमची गल्ली लागायची. डाव्या हाताला शंकरअप्पांचं किराणा दुकान, त्याला लागून महेबूबभाई शिंप्याची पत्र्याची टपरी. समोर सोसायटीचं ऑफिस आणि ऑफिसला चिकटून माझं दुकान. पाटीवर नुसतं 'फोटो' एवढंच रंगवलेलं. आत एक खुर्ची, मागं पडदा, पडद्यावर तळं आणि तळ्यात दोन हंस. भिंतीपलीकडं अंधारखोली, तिच्यामागं आमचं घर. दुकानांच्या पिछाडीला मातीच्या सात-आठ खोल्या होत्या, तिथं ऊसतोडीला जाणारी कुटुंबं राहायची. दसरा झाला की त्यांच्या दारांना कुलपं लागायची आणि उन्हाळ्यात निघायची. तेवढे महिने पिछाडीला कोंबडीसुद्धा फिरकत नसे.

मला चेहऱ्यांचं फार कुतूहल. लहानपणापासूनचं. एखादा माणूस समोर बसला की याचं नाक कुणाचं, हनुवटी कुणाकडून आली, हे शोधत बसायचं. शंकरअप्पा हसले की त्यांच्या मयत वडिलांचं तोंड क्षणभर दिसायचं, आणि हसू संपलं की जायचं. कुठं जायचं ते? मी फोटोच्या धंद्यात पडलो तो पोटासाठी खरा, पण या खोडीसाठीही. कुतूहलाला कुणी दुर्गुण म्हणत नाही. मीही म्हणत नव्हतो.

तान्ह्या लेकरांसाठी मी एक जरीचं टोपडं ठेवलं होतं. गोरगरिबाचं असो की सावकाराचं, लेकराला तेच टोपडं, तीच खुर्ची, गालावर काजळाचा तोच ठिपका. त्यामुळं माझ्या दुकानातली सगळी लेकरं एका घरची वाटायची. आयांना ते आवडायचं.

त्या मोठ्या दुष्काळाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, सरकारी सुकडी, खडी फोडायची कामं — ते सगळे सांगतात. फोटोला पाणी लागतं, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. फिल्म आधी एका औषधात घालायची, मग दुसऱ्या औषधात. त्या दुसऱ्याला आम्ही हायपो म्हणतो. आणि मग स्वच्छ पाण्यानं धुवायची. पाचदा, सहादा, पाणी बदलून. फिल्मवर हायपो राहिला तर त्या दिवशी काही कळत नाही, फिल्म छान दिसते. पण तो आत बसून राहतो आणि काही महिन्यांत चित्र खाऊन टाकतो. हे मला चांगलं माहीत होतं. औरंगाबादला ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायला जागा नाही.

दसरा झाला. टोळी परवा निघणार, अशा बेतानं पिछाडीची चार कुटुंबं एका दुपारी दुकानात आली. मुकादमाकडून उचल मिळालेली, अंगावर धुतलेले कपडे. तिघांनी कुटुंबासकट फोटो काढून घेतला. शेवटी राहिली कौसा, किसनची बायको. असेल वीस वर्षांची. कडेवर पहिलं लेकरू, उत्तम, सात महिन्यांचा.

"भाऊ, ह्याचा एकट्याचा काढा," ती म्हणाली. "आमी नगं."

"का गं?"

"आमी काय, हाय तसंच ऱ्हाणार. ह्यो परत येईस्तवर बदलंल. बारका कसा हुता, ते ऱ्हायला पायजे."

मी उत्तमला टोपडं घातलं, खुर्चीत टेकवलं. कौसा पडद्याआड बसून त्याला पाठीमागून धरून होती. त्याचा फोटो निघाला. त्या रोलवरचा शेवटचा. कागद संपत आला होता, म्हणून सगळ्यांना सांगितलं — परत आल्यावर घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या नव्या गोदामाचं उद्घाटन होतं. बीडहून पाहुणे आलेले. चेअरमनचा हारातला फोटो, फीत कापतानाचा, नारळ फोडतानाचा असा मी आख्खा रोल काढला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही रोल धुवायला घेतले.

शांता, माझी बायको, पहाटेपासून विहिरीवर नंबर लावून दोन घागरी घेऊन आली होती. एक प्यायला, एक माझ्या कामाला. एका घागरीत एक रोल नीट धुऊन होतो. दोन होत नाहीत.

मी चेअरमनचा रोल धुतला.

मला कुणी तसं सांगितलं होतं का? नाही. चेअरमन दोन दिवस थांबले नसते का? थांबले असते, मी विचारलंसुद्धा नाही. त्यांचा रोल पाच पाण्यांतून काढला आणि त्याच वापरलेल्या, हायपो उतरलेल्या पाण्यात पिछाडीच्या लोकांचा रोल दोनदा बुडवून दोरीला लावला. उद्या पाणी आलं की पुन्हा धुऊ, असं मनाशी म्हणालो. शांतानं दारातून विचारलंही, "पिछाडीच्यांचा झाला का?" मी झाला म्हणालो. दुसऱ्या दिवशी पाणी आलं, आणि मी तो रोल धुतला नाही. वाळलेली फिल्म गुंडाळून डब्यात टाकली.

पण मला सांगायचंय ते हे नाही. हा आळस झाला, मोठ्या माणसापुढं वाकणं झालं. असं पुष्कळांच्या हातून होतं. पुढचं सांगतो.

वैशाखात टोळी परतली. दुसऱ्याच दिवशी सकाळी कौसा दुकानात आली. एकटी. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "उत्तम कुठाय? चालायला लागला का?" तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "त्यो गेला, भाऊ. पौषातच. हगवण लागलती. कारखान्यावरच्या डाक्टरकडं नेस्तवर वाटंतच गेला." मग हात पुढं केला. "फोटो द्या."

मी अंधारखोलीत गेलो. डबा उघडला, फिल्म दिव्यासमोर धरली. सगळ्या पट्टीवर तपकिरी डाग पसरले होते. पहिल्या चित्रांत माणसांचे निदान आकार होते. शेवटच्या चित्रात खुर्चीचा हात दिसत होता, टोपड्याची जर थोडी दिसत होती. तोंड नव्हतं.

बाहेर येऊन मी सांगितलं, कागद आलेला नाही, दोन दिवसांनी ये.

तिथंच सांगायला हवं होतं की नाही? बाकीच्या तिघांना मी नंतर सांगितलंच — तुमचा रोल खराब निघाला, बसा, दुसरा काढतो. ते हसले आणि पुन्हा बसले. कौसाचा वेगळ्या रोलवर होता, असंही त्यांना सांगून ठेवलं. पण कौसाला सांगवेना. तिच्या तोंडाकडं बघून धीर झाला नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःशी म्हणत आलो. खरं तसं नाही. ती विचारेल, कशानं खराब झाला? — आणि मग मला पाण्याचं सांगावं लागेल. ही खरी भीती होती.

ती निघाली तेव्हा मी तिला थांबवलं. बस म्हणालो. शांताला चहा करायला सांगितलं. आणि हळू आवाजात विचारायला लागलो — कसा दिसायचा गं उत्तम? ती सांगायला लागली. कपाळ बापासारखं मोठं. डाव्या कानाच्या पाळीवर तीळ. केस मऊ, पुढं आलेले. तिला बोलून बरं वाटत होतं. शांता चहा देताना माझ्याकडं बघत होती, तिला वाटलं असेल, आपला नवरा किती मायेनं विचारतोय. मी काय करत होतो? मी मनात टिपून घेत होतो. डावा कान. पाळी. केस पुढं.

कारण तोवर माझ्या डोक्यात दुसरा डबा आला होता. शंकरअप्पांच्या मुलाचा, शिवाचा. दुष्काळाच्या आदल्या वर्षी, पाणी होतं तेव्हा काढलेला फोटो. शिवा तेव्हा आठ महिन्यांचा, तेच टोपडं, तीच खुर्ची, निगेटिव्ह काचेसारखी स्वच्छ.

शिवाच्या पायात चांदीचे वाळे होते, म्हणून फोटो खालून कापला. टोपड्याखालून पुढं आलेले केस कुंचल्यानं रंगवले. काजळाचा ठिपका खोडून दुसऱ्या गालावर घेतला. टोपड्याबाहेर दिसणाऱ्या डाव्या कानाच्या पाळीवर बारीक कुंचल्यानं तीळ ठेवला. पहिला मोठा वाटला, म्हणून दुसरी प्रिंट काढून पुन्हा ठेवला. आख्खी दुपार गेली. सांगायला लाज वाटते, पण ते माझ्या हातचं तोवरचं सगळ्यात सुबक काम होतं. आणि करताना मी रमलो होतो. हे जमतंय का, हे बघायची मला उत्सुकता लागली होती.

कौसा आली. तिनं पदराला हात पुसले, मग फोटो घेतला. बराच वेळ बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. तिनं तिळावर बोट ठेवलं.

"तीळ हाय," ती म्हणाली.  फोटो पदरात घालून घेऊन गेली.

ओळखलं का तिनं? या एका प्रश्नानं पुढं माझी किती वर्षं घेतली असतील. भीती तर होतीच, पण नुसती भीती नव्हती. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. आईला कळतं का? टोपडं तेच, तीळ आहे, मग आई कशावरून ओळखते? काही ना काही निमित्त काढून मी तिच्या दारावरून जायचो. समोरच्या भिंतीला फोटो लावलेला असायचा, हळद-कुंकू वाहिलेलं. ती चुलीजवळ बसलेली असली की मी हळूच बघून घ्यायचो, ती फोटोकडं बघते का, बघितलं तर कशी बघते. असा मी माणूस.

आणि तिथून तीस पावलांवर, अप्पांच्या दुकानामागच्या खोलीत, तेच लेकरू वाळ्यांसकट दुसऱ्या चौकटीत बसलेलं होतं.

हे कधी उघडं पडलं कसं नाही? त्याचं उत्तर सोपं आहे आणि तेही चांगलं नाही. कौसा अप्पांच्या दुकानात रोज यायची, पण फळीच्या अलीकडं उभी राहून सामान घ्यायची. तिला आत कुणी बोलावलं नाही. आणि अप्पांच्या बायकोनं, महानंदावहिनींनी, पिछाडीच्या खोल्यांत कधी पाऊल टाकलं नाही. गल्ली एकच होती, पण कोण कुणाच्या उंबऱ्याच्या आत जाणार, हे ठरलेलं होतं. माझं खोटं त्या ठरलेल्यावर टिकलं. मला ते माहीत होतं. त्यावर माझा भरवसा होता.

वर्षं गेली. आपल्याच भागात सहकारी कारखाना उभा राहिला, किसनला तिथं ऊस टाकायच्या गव्हाणीवर काम मिळालं, आणि कौसाच्या दाराला दसऱ्यानंतर कुलूप लागायचं बंद झालं. तिला पुढं दोन मुली झाल्या, मग मुलगा झाला, विलास. अप्पा थकले, शिवा गादीवर बसायला लागला. गोल तोंडाचा, गोड बोलणारा. कौसाला तो मावशी म्हणायचा. साखर बांधून द्यायचा, ती पिशवी घेऊन जायची, आणि मी समोरून दोघांकडं बघत बसायचो.

विलासचं लग्न ठरलं तेव्हा कौसा तो जुना फोटो घेऊन माझ्याकडं आली. कडा पिवळ्या पडलेल्या. "थोरला भाऊ हाय त्याचा. लग्नात ठेवायचाय. मोठा करून द्या." बघा, देवानं म्हणा, नशिबानं म्हणा, तो कागद पुन्हा माझ्या हातात आणून दिला. शांता त्याआधीच वारली होती, मुलगा बाहेरगावी, आता घरात ज्याच्यासमोर लाज वाटावी असंही कुणी नव्हतं. मी काय केलं? फोटो मोठा केला. तीळ फिका पडला होता, तो पुन्हा गडद केला.

लग्न पिछाडीलाच होतं. काळ बदलला होता, शिवानं गल्लीतल्या सगळ्यांना यायचा आग्रह केला होता, आणि महानंदावहिनी सत्तरीला टेकल्या असताना पहिल्यांदा कौसाच्या घरात आल्या. मी दाराशी उभा होतो. त्या आत गेल्या, आणि फोटोसमोर थांबल्या.

आता सगळं उघडं पडणार, असं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या भीतीतही मी पुढं सरकून त्यांचा चेहरा बघितला.

त्यांनी चष्मा नीट केला. "आमचा शिवाबी असाच दिसायचा बारका असताना," त्या म्हणाल्या.

कौसा शेजारी उभी होती. "समदी लेकरं सारकीच दिसत्यात, वैनी," ती म्हणाली. वहिनींनी अजून एकदा फोटोकडं बघितलं, मग वळून माझ्याकडं. त्या नजरेत काय होतं, मला नक्की सांगता येत नाही. काहीच नसेलही. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत, आणि दोन वर्षांनी गेल्या.

लग्नाला आठवडा झाला असेल. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. कौसा ताटलीत बुंदी घेऊन आली. ताटली ठेवली, पण गेली नाही. पुढच्या खुर्चीत बसली. त्याच खुर्चीत.

"भाऊ, एक इचारू का?" ती म्हणाली. "कुणाला म्हणले न्हाई आजवर. तुमी फोटो दिलता ना, तवा मला वाटलं, ह्यो माझा न्हाई. टोपडं हाय, तीळ हाय, पर माझा न्हाई. घरी जाऊन लई रडले. म्हणलं, मी कसली आई. चार म्हैन्यात लेकराचं तोंड इसरले. ह्यांनाबी सांगितलं न्हाई, लाज वाटली. मग रोज बघून बघून फोटोतलाच डोळ्याम्होरं यायला लागला. आता तोच येतो, दुसरा येतच न्हाई. परवा महानंदावैनी तसं बोलल्या, अन् पुना समदं आठवलं." तिनं खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. "असं हुतं का हो, भाऊ? आई इसरती का?"

इतकी वर्षं मला जे जाणून घ्यायचं होतं, ते मला कळलं. तिनं ओळखलं होतं, पहिल्याच दिवशी. आणि माझ्यावर शंका घेण्याऐवजी स्वतःवर घेतली होती. मला भाऊ म्हणायची ना, मी असं करीन हे तिच्या मनातही आलं नाही.

ती माझ्याकडं बघत होती. उत्तराची वाट बघत होती. त्या वेळी मला कसली भीती होती? चेअरमन मरून गेले होते, सोसायटी बुडाली होती, फोटोचा धंदाही बसत आला होता. कुणी माझं काही बिघडवणार नव्हतं.

मी म्हणालो, "होतं, कौसा. लेकरांचा तोंडवळा भरभर बदलतो. आणि दुःखात माणूस विसरतो."

तिनं मान हलवली. "मंग बरं," म्हणाली. बुंदी दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायला सांगितली, रिकामी ताटली घेतली आणि गेली.

मला सांगायचं होतं, ते हे. पाणी नाही, तो तीळही नाही. तिनं मला सरळ विचारलं, आणि मी तिला सांगितलं की हो, तू तुझं लेकरू विसरलीस.

उत्तमचा चेहरा मीही बघितला होता. तिच्याखेरीज इतका निरखून बघणारा मीच. कितीदा डोळे मिटून आठवायला बसलो, पण शिवाच येतो.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. किसन गेला. कौसा आहे. पिछाडीला आता विलासचं सिमेंटचं घर आहे, संध्याकाळी ती ओट्यावर बसलेली असते. मी काठी टेकत तिकडून गेलो की ती हाक मारते, भाऊ म्हणून. आणि मी ओ देतो.